जपानला माल पाठवताना: करार कसा वापरायचा आणि माल अडला तर दाद कुठे मागायची

पुण्यात जपानी शिकून किंवा युरोपात पदवी घेऊन युरोपातल्याच एखाद्या मध्यम कंपनीत जपानचं काम हाती आलेल्यांसाठी हा लेख आहे. पहिल्याच आठवड्यात एक वाक्य कानावर पडतं: "जपानची बाजारपेठ परक्यांना खुली नाही." ते तसंच्या तसं स्वीकारू नका. माल अडतो तेव्हा तीनपैकी एक कारण असतं. जकात जास्त लागली, कागद चुकला, किंवा मालाबद्दलचा जपानी नियमच वेगळा आहे. पहिली दोन कारणं तुमच्या टेबलावर सुटतात. चेंबर (व्यापारी मंडळ), युरोपीय संघाचं तोक्योतलं कार्यालय, मंत्रालय ही दारं फक्त तिसऱ्या कारणासाठी ठोठवायची. स्वतःच्या कागदाची चूक घेऊन तिथे गेलात, तर पुढच्या वेळी खरं गाऱ्हाणंही कुणी मनावर घेत नाही.

सगळ्याचा पाया म्हणजे युरोपीय संघ आणि जपान यांचा आर्थिक भागीदारी करार. वाटाघाटी २०१३ मध्ये सुरू झाल्या, १७ जुलै २०१८ रोजी तोक्योत सह्या झाल्या आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून करार लागू आहे. तो संघाच्या सदस्य देशांपुरता आहे, अख्ख्या युरोपचा नाही. स्वित्झर्लंडचा जपानशी २००९ पासून वेगळा करार आहे आणि ब्रिटनचा १ जानेवारी २०२१ पासून. नवखे लोक इथेच सर्वांत आधी घसरतात: स्विस किंवा ब्रिटिश सुटा भाग 'युरोपीयच तर आहे' म्हणून हिशेबात धरतात. या करारात तो परका.

आधी बघा, जकात मुळात आहे का

मालाचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्ससाठी मालाची वर्गवारी सांगणारा क्रमांक, काढा. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे देशागणिक बदलतात. युरोपातून निघताना आठ आकडी कोड लागतो, जपानच्या आयात घोषणेत नऊ आकडी. तुमच्या गोदामातला आठ आकडी कोड जपानी खरेदीदाराला पाठवून 'हाच वापरा' म्हणू नका. सहा आकड्यांवर एकमत करा, पुढचं त्याच्या कस्टम्स एजंटाला ठरवू द्या.

कोड मिळाला की जपानचा सर्वसाधारण दर पाहा, कराराचा नंतर. मोटारी आणि बहुतेक यंत्रसामग्री यांवर जपानची जकात करार नसतानाही शून्यच आहे. अशा मालासाठी ऑरिजिनचा (माल मुळात कुठला ठरतो याचा) हिशेब मांडत बसणं म्हणजे फुकटचे कष्ट, आणि चुकीचं निवेदन दिलंत तर विनाकारण जोखीम. तिथला अडथळा जकातीचा नसतोच, नियमांचा असतो.

करार खरा कामी येतो तो खाद्यपदार्थ, मद्य, चामडं, कपडे आणि काही रसायनं यांत. वाइनवर पूर्वी १५ टक्के किंवा लिटरला १२५ येन, यांतली कमी असेल ती जकात होती. ती पहिल्याच दिवशी शून्य झाली. चेडार, गौडा, पार्मेजान अशा घट्ट चीजवरचे २९.८ टक्के मात्र टप्प्याटप्प्याने उतरत २०३३ मध्ये शून्यावर येतील. मोझरेला, कॅमाम्बेर, क्रीम चीज यांचा मार्ग तिसराच. त्यांना कोटा आहे, सुरुवातीला २०,००० टन आणि सोळाव्या वर्षी ३१,००० टन. कोट्याबाहेरच्या मालाला ती सवलत नाही. म्हणजे एकाच दुग्धशाळेच्या दोन चीजना दोन वेगळ्या फायली लागतात.

जपानच्या बाजूने दराचा पुढचा टप्पा दर १ एप्रिलला लागू होतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पोचणाऱ्या कंटेनरचा हिशेब करताना हे ध्यानात ठेवा.

कोडबद्दल शंका असेल तर जपान कस्टम्सकडून लेखी पूर्वनिर्णय घ्या. उत्तर साधारण ३० दिवसांत येतं आणि तीन वर्षं चालतं. फोनवर मिळालेलं उत्तर सल्ला म्हणून ठीक, बंदरात ते कामाला येत नाही.

ऑरिजिन: सवलतीचा खरा दरवाजा

माल युरोपातून निघाला म्हणून तो युरोपीय ठरत नाही. प्रत्येक मालासाठी करारात वेगळा नियम आहे. कुठे 'परक्या कच्च्या मालाचा एचएस शीर्षक-कोड तयार मालापेक्षा वेगळा हवा', कुठे 'परक्या मालाची किंमत अमुक टक्क्यांच्या आत हवी', तर कुठे ठरावीक प्रक्रिया युरोपातच व्हायला हवी. हे नियम एचएसच्या २०१७ च्या आवृत्तीवर लिहिले आहेत, आणि तुमच्या संगणकातले कोड बहुधा २०२२ चे आहेत. नियम शोधण्याआधी कोड २०१७ चा करून घ्या, नाहीतर भलताच नियम वाचाल.

किमतीच्या नियमाचं उदाहरण घेऊ. समजा तुमच्या मालाला परक्या घटकांची कमाल मर्यादा कारखाना-किमतीच्या ५० टक्के आहे. वस्तूची कारखाना-किंमत १०० युरो. त्यात पुण्याहून आलेलं कास्टिंग २८ युरोचं, चीनहून आलेली मोटर १९ युरोची. परका माल ४७ टक्के, म्हणजे पास. आता विक्री विभागाने जपानी ग्राहकाला १० टक्के सूट दिली. किंमत ९० युरो, परके घटक तेच ४७ युरोचे, प्रमाण ५२.२ टक्के. सवलत गेली, आणि तुम्हाला कळलंही नाही. म्हणून विक्री विभागाच्या सवलतींची खबर ऑरिजिनची फाइल सांभाळणाऱ्याला मिळायलाच हवी. कच्च्या मालाचे भाव आणि चलनाचा दर हलला तरी हिशेब पुन्हा करा.

जपानी सुटे भाग या हिशेबात परके धरले जात नाहीत. भारतीय मात्र परकेच, कारण भारत या करारात नाही. भारत-जपान करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू असला तरी तो भारतातून जपानला जाणाऱ्या भारतीय मूळच्या मालासाठी आहे. दोन्ही करार जोडून वापरता येत नाहीत. पुण्यात कारखाना आणि युरोपात जुळणी असलेल्या कंपन्यांनी दोन्ही वाटांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून पाहावा.

आणखी एक. कापड आणि कपडे सोडून इतर मालाला १० टक्क्यांची ढील आहे, पण ती कोड बदलण्याच्या नियमापुरती. ५० टक्क्यांची मर्यादा ६० करायला ती वापरता येत नाही.

निवेदन लिहिताना

इथे सरकारी शिक्क्याचं प्रमाणपत्र लागत नाही. निर्यातदार स्वतः इन्व्हॉइसवर किंवा दुसऱ्या व्यापारी कागदावर ऑरिजिनचं निवेदन छापतो. सोपं वाटतं, आणि म्हणूनच चुका होतात.

मजकूर कराराच्या परिशिष्टातून शब्दशः उचला, स्वतःच्या शब्दांत लिहू नका. मूळ देशाच्या जागी 'युरोपीय संघ' असं लिहायचं, जर्मनी किंवा इटली नव्हे. मालाची किंमत ६,००० युरोंपेक्षा जास्त असेल तर निर्यातदाराचा आरईएक्स (नोंदणीकृत निर्यातदार) क्रमांक हवाच. तो आपल्या देशाच्या कस्टम्सकडे आधी अर्ज करून मिळवायचा असतो, माल जहाजावर चढल्यावर नाही. ऑरिजिन कोणत्या निकषावर ठरलं त्याचं अक्षर द्यायचं: पूर्णपणे युरोपात मिळालेल्या मालाला ए, फक्त युरोपीय मूळच्या घटकांपासून बनलेल्याला बी, मालागणिक नियमाने पात्र ठरलेल्याला सी. सीच्या पुढे आकडा येतो, कोड बदलला असेल तर १, किमतीचा नियम असेल तर २, प्रक्रियेचा असेल तर ३. चीजच्या कारखान्याने सवयीने ए लिहिलं आणि रेनेट (दूध घट्ट करणारं एन्झाइम) किंवा जिवाणूंचं विरजण बाहेरून आलेलं निघालं, तर पडताळणीत उत्तर देणं जड जातं.

निवेदन १२ महिने चालतं. एकसारख्या मालाच्या अनेक खेपांसाठी एकच निवेदन देता येतं, तेही जास्तीत जास्त १२ महिन्यांच्या काळासाठी. बिल सिंगापूरच्या वितरकाचं असेल तर त्याच्या बिलावर निवेदन चालत नाही. युरोपातल्या निर्यातदाराच्या डिलिव्हरी नोटवर किंवा पॅकिंग लिस्टवर ते घाला. माल वाटेत तिसऱ्या देशात साठवता येतो, तिथे खेपेचे भागही करता येतात, पण कस्टम्सच्या देखरेखीखाली. त्याचे कागद मागून ठेवा.

जपानी खरेदीदार कधी कधी घाबरून संपूर्ण खर्चपत्रक मागतो. देऊ नका, करार ते मागत नाही. जपानी कस्टम्सला शंका आली तर आधी आयातदाराला विचारतात, मग निर्यातदाराच्या देशातल्या कस्टम्समार्फत चौकशी होते, आणि तुमची गुपितं खरेदीदारापर्यंत न जाता उत्तर देता येतं. मात्र हिशेबाची फाइल निवेदन दिल्यापासून चार वर्षं जपून ठेवा. 'आयातदाराचं ज्ञान' नावाचा दुसराही मार्ग आहे. त्यात आयातदार स्वतःजवळच्या कागदांवर सवलत मागतो. पण त्यासाठी तुमची पाककृती आणि किंमत त्याच्या हाती लागते, त्यामुळे तो एकाच गटातल्या कंपन्यांनाच परवडतो.

आणि एक चूक महागात पडते. जपानमध्ये सवलत आयात घोषणेच्या वेळीच मागावी लागते. 'आधी पूर्ण जकात भरू, मग कागद आला की परतावा घेऊ' हे युरोपात चालतं, जपानमध्ये नाही. कागद उशिरा येणार असेल तर एजंटाला तारण ठेवून परवानगीपूर्व सुटकेची सोय वापरायला सांगा. २,००,००० येनपर्यंतच्या खेपेला ऑरिजिनचा कागद सादर करावा लागत नाही.

जकात शून्य झाली तरी उपभोग कर राहतोच, १० टक्के, आणि मद्य वगळून खाद्यपदार्थांवर ८. तो माल, वाहतूक आणि विमा यांच्या किमतीत जकात मिळवून त्यावर लागतो. जपानमध्ये कंपनी नसताना स्वतःच्या नावाने आयात करायची असेल तर तिथे कस्टम्स प्रतिनिधी नेमावा लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून याबाबत कडक नियम आहेत.

मालाचा नियम

इथे प्रत्येक क्षेत्राचं शास्त्र वेगळं, म्हणून फक्त जिथे पाय हमखास अडकतो त्या जागा सांगतो.

खाद्यपदार्थांत आयातदाराला बंदरातल्या आरोग्य मंत्रालयाच्या क्वारंटाइन केंद्राकडे सूचना द्यावी लागते, सोबत घटकांची यादी आणि प्रक्रियेचा तक्ता. जपान फक्त यादीतली (रंग, टिकवणारे पदार्थ अशी) अ‍ॅडिटिव्ह मानतं. युरोपात चालणारा कार्मोसिन हा लाल रंग त्या यादीत नाही. तो भारतातही सर्रास वापरला जातो, त्यामुळे भारतीय मिठाई किंवा सरबत युरोपातून पुढे जपानला पाठवणाऱ्यांनी लेबल डोळ्यांखालून घालावं. कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नसेल तर २००६ पासून सरसकट ०.०१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०१ भाग) लागू आहे.

सौंदर्यप्रसाधनं आणि वैद्यकीय उपकरणं यांना जपानमध्येच परवानाधारक हवा. कायद्याची जबाबदारी त्याच्यावर असते. हा परवाना वितरकाच्या नावावर असेल तर वितरक बदलणं किती अवघड जाईल, ते करार करण्याआधी पाहा. जपानमध्ये औषध आणि प्रसाधन यांच्यामध्ये 'इयाकु-बुगाइहिन' नावाचा तिसरा वर्ग आहे. युरोपात साधं प्रसाधन असलेली त्वचा उजळवणारी क्रीम दाव्यामुळे त्यात जाते, आणि मंजुरीचा काळ लांबतो.

विजेच्या उपकरणांना पीएसई हे सुरक्षेचं चिन्ह लागतं. दाब १०० व्होल्ट. पूर्व जपानमध्ये ५० हर्ट्झ, पश्चिमेत ६०, म्हणजे तोक्योत चालणारी मोटर ओसाकात वेगळ्या वेगाने फिरते. चाचणी दोन्हीवर करा.

नियमच चुकीचा असेल तर

युरोपीय व्यवसायांची बाजू मांडण्याचं काम जपानमध्ये दीर्घकाळ चाललं आहे. जपानमधली युरोपियन बिझनेस कौन्सिल १९७२ पासून आहे. युरोपीय देशांच्या जपानमधल्या चेंबरांची ती व्यापार-धोरणाची शाखा आहे. तिथे थेट पायरी चढायची नसते. आधी आपल्या देशाच्या चेंबरचं सभासद व्हा, मग आपल्या क्षेत्राच्या समितीत बसा. अन्न, मद्य, वैद्यकीय उपकरणं, रेल्वे, मोटारी, विमा अशा समित्या आहेत आणि त्यांच्या मागण्या कौन्सिलच्या अहवालात जातात. त्याआधी ईयू-जपान सेंटर फॉर इंडस्ट्रियल कोऑपरेशनला विचारा. १९८७ मध्ये युरोपीय आयोग आणि जपान सरकार यांनी मिळून ते काढलं. तोक्यो आणि ब्रसेल्स दोन्हीकडे त्याची कार्यालयं आहेत आणि कराराबद्दल मदतकेंद्रही आहे. अर्ध्या तक्रारी तिथेच निकालात निघाव्यात.

करारच मोडला जातोय असं वाटत असेल तर युरोपीय आयोगाकडे सिंगल एंट्री पॉइंट नावाची तक्रार खिडकी आहे, नोव्हेंबर २०२० पासून. तिथून विषय कराराखालच्या समित्यांत जाऊ शकतो. मोठ्या कंपन्यांसाठी ईयू-जपान बिझनेस राउंड टेबल आहे. ते दोन्ही सरकारांच्या नेत्यांना शिफारशी देतं. तिथे एकट्या कंपनीचा प्रश्न चालत नाही.

पण जपानचे स्वतःचे मार्ग विसरू नका. परके लोक ते वापरतच नाहीत, आणि मला वाटतं सर्वांत जास्त फायदा तिथेच आहे. नवा नियम येण्याआधी मसुदा ई-गव्ह संकेतस्थळावर जाहीर होतो, किमान ३० दिवस हरकतींसाठी असतात, आणि मंत्रालयाला आलेल्या हरकतींवर आपला विचार प्रसिद्ध करावा लागतो. सगळं जपानीत. पुण्यात शिकलेलं जपानी इथे सोन्याच्या मोलाचं ठरतं. जागतिक व्यापार संघटनेला तांत्रिक नियमाची सूचना गेली की साधारण ६० दिवस मिळतात. नियम आपल्या मालाला लागू आहे की नाही हेच स्पष्ट नसेल, तर 'ग्रे झोन' निवारण पद्धतीने मंत्रालयाला लेखी विचारता येतं आणि उत्तर साधारण महिन्याभरात येतं.

मागणीचा कागद एका पानाचा ठेवा. कायद्याचं नाव, कलम, त्याखालच्या अध्यादेशाचा क्रमांक. आज नेमकं काय होतं. आंतरराष्ट्रीय मानक काय सांगतं. कंपनीला आणि जपानी ग्राहकाला किती येन आणि किती महिने जादा पडतात. शेवटी बदललेल्या कलमाचे प्रस्तावित शब्द. हे शेवटचं बहुतेकजण गाळतात.

दोन यशं पाहा. बेल्जियमच्या बऱ्याच बिअरमध्ये धणे किंवा संत्र्याची साल असते. जपानच्या तेव्हाच्या कायद्यात बिअर म्हणायला माल्टचं प्रमाण ६७ टक्के लागे आणि असे घटक चालत नसत, म्हणून त्या 'हाप्पोशु' (बिअरसारखं, पण कायद्याने बिअर नसलेलं पेय) नावाने विकल्या जात. 'बेल्जियमवर अन्याय होतो' म्हणून हे सुटणारं नव्हतं. प्रश्न व्याख्येचा होता, आणि व्याख्याच बदलली: १ एप्रिल २०१८ पासून माल्ट ५० टक्के पुरतो आणि फळं, मसाले ठरावीक प्रमाणात चालतात. कपड्यांच्या धुलाई-चिन्हांचंही तेच. जपानची चिन्हं वेगळी होती, म्हणून प्रत्येक शर्टाला नवं लेबल शिवावं लागे. डिसेंबर २०१६ पासून जपानने आयएसओ ३७५८ या आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळणारी चिन्हं घेतली. दोन्हीकडे मागणी कुणा देशासाठी नव्हती. एक व्याख्या, एक मानक, बस.

वेळही पाहा. मंत्रालयांतल्या बदल्या मुख्यतः उन्हाळ्यात, जुलैच्या आसपास होतात. ज्या अधिकाऱ्याला वर्षभर समजावलं तो दुसऱ्या विभागात गेलेला असतो. ऑगस्टमध्ये नव्या अधिकाऱ्याला तोच एक पानाचा कागद पुन्हा द्या, तक्रारीचा सूर न लावता. अंदाजपत्रकाच्या मागण्या ऑगस्टअखेर जातात, करबदलांची रूपरेषा डिसेंबरमध्ये येते, संसदेचं नियमित अधिवेशन जानेवारीत सुरू होऊन १५० दिवस चालतं. कायदाच बदलायचा असेल तर आदल्या वसंतातच काम सुरू झालेलं असायला हवं. अध्यादेश किंवा परिपत्रक बदलायचं असेल तर मंत्रालयातला संबंधित विभाग, म्हणजे 'का', पुरतो. शक्य असेल तर तोच मार्ग घ्या.

भेटीला जाताना मिठाईचा डबा नेऊ नका. अधिकाऱ्यांसाठी सन २००० पासून आचारकायदा आहे आणि संबंधितांकडून भेट घेणं त्यांना अडचणीचं जातं. व्हिजिटिंग कार्ड आणि जपानीतला कागद पुरे. समितीच्या बैठकीत स्पर्धक शेजारी बसलेले असतात, तेव्हा दर, ग्राहक, बाजारातला वाटा यांवर अवाक्षर काढायचं नाही. बोलणं तिकडे वळलं तर आक्षेप इतिवृत्तात नोंदवा आणि उठून या.

बदल मान्य झाला की 'कानपो' या राजपत्रात तो प्रसिद्ध होईपर्यंत जुनीच लेबलं आणि जुन्याच फायली वापरा. प्रसिद्ध झाल्यावर अंमलाची तारीख आणि संक्रमणकाळ या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या लिहून ठेवा, जपानी परवानाधारकाकडून लेखी दुजोरा घ्या, आणि मगच छापखान्याला नव्या लेबलची ऑर्डर द्या.